फाट्यावरचा हात

टिण्ण.

स्टीलच्या वाटीत काहीतरी पडलं आणि शुक्रवारपासून घरात साचून राहिलेली शांतता तडकली. भाकरी थापता थापता दीक्षाचा हात थांबला. तव्यावरची भाकरी पापुद्रा धरून फुगत होती. तिनं कान दिला. पुन्हा टिण्ण. काढलेला स्क्रू हरवू नये म्हणून वाटीत टाकायची सवय या घरात एकाच माणसाला होती.

ती पिठाच्या हातानं तशीच दारात आली. अंगणात शेवग्याखाली तिचे सासरे जळबा मोटरसायकलजवळ उकिडवे बसले होते. हातात पेचकस. शेजारी तिची पाच वर्षांची सेवा दोन्ही हातांनी वाटी धरून बसलेली, जशी काही पंगतीत वाढायलाच निघाली होती. गाडीचा मागचा उजवा इंडिकेटर अर्धा सुटून वायरीला लोंबत होता.

"मामा, काय करून राहिले?"

जळबांनी मान वर केली नाही. "काढून राहिलो."

"काहून पण?"

"तुहे दिवे लई चांगले हायेत, माय. मला न्हाई जमत ते." एवढं बोलून त्यांनी तिसरा स्क्रू वाटीत टाकला. सेवानं वाटी हलवून बघितली, बराबर आवाज येतो का ते.

दीक्षाला आत भाकरी जळाल्याचा वास आला. ती परत गेली, तवा उतरवला आणि चुलीपुढं नुसतीच बसून राहिली. ते दिवे गाडीला लागून पुरते पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते.

गाडी मात्र जुनी. जळबांनी जन्मभर दुसऱ्याचा ट्रक चालवला होता. वसमतची हळद सांगलीला न्यायची आणि येताना जे मिळेल ते भरून आणायचं. ट्रक सुटला तेव्हा त्यांनी ही मोटरसायकल घेतली, तीही कुणीतरी वापरून सोडलेली. आता तिच्या वयाच्या गाड्या भंगारात जाऊन त्यांच्या कढया झाल्या असतील. हिचं मात्र इंजिन सकाळी एका किकमध्ये जागं व्हायचं. इंडिकेटरांचं तेवढं काही खरं नव्हतं. चारांतला एक कुठंतरी गळून पडलेला, एकाची काच फुटलेली म्हणून वर लाल कागद चिकटवलेला, आणि राहिलेले दोन मनात आलं तर लागायचे.

त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण मागं पद्माबाई बसायची.

पद्माबाई म्हणजे दीक्षाची सासू. एका बाजूला पाय सोडून बसायची, पण उजवं वळण आलं की कमरेतून वळून उजवा हात सरळ बाहेर काढायची. नुसता बाहेर नाही. पंजा जमिनीकडं करून, लेकराला थोपटावं तसा वरखाली हलवायची. हळू. हळू घे बाबा. मागून कोण येतंय, त्यानं वेग कमी केला का, हे सगळं बघून मग म्हणायची, "चला." तेव्हा जळबा वळायचे. त्यांना मान फिरवायची गरजच पडत नव्हती. वसमतच्या रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टरवाले त्या हिरव्या बांगड्यांच्या हाताला ओळखत होते.

दीक्षा लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिचा नर्सिंगचा कोर्स अर्धाच झाला होता. आता काय करायचा, असं तिच्या माहेरचेसुद्धा म्हणाले. नवरा, रत्नपाल, लातूरला एका कंपनीत, महिन्याकाठी यायचा. वसमतला रोज कोण नेणार आणि कोण आणणार? जळबांनी एका सकाळी गाडी पुसून दारात उभी केली. पद्माबाई नेहमीसारखी पदर खोचून बाहेर आली, सीटवर हात ठेवला, आणि मग दीक्षाला म्हणाली, "ये. आजपासून मागची जागा तुही."

"आणि तुमी, आत्याबाई?"

"मला काय, जीप हाये. मला उभ्यानं जायाला आवडते." मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "पण एक ध्यानात ठेव. नुसतं ओझं होऊन बसायचं न्हाई. पुढच्याला डोळे दोनच असतात. मागं काय चाल्लं ते आपुन बघायचं."

आणि अंगणातच, उभ्या गाडीवर बसवून, तिनं सुनेला हात दाखवायला शिकवलं. पंजा कसा धरायचा, कोपर कसं ताठ ठेवायचं. जळबा पुढं हँडल धरून गुपचूप बसलेले. "न्हाई, असा न्हाई," पद्माबाई म्हणाली. "हा तर तू पाहुण्याला टाटा करून राहिली."

दीक्षाचा कोर्स त्या सीटवर पुरा झाला. सेवा पोटात होती तेव्हा जळबा प्रत्येक खड्ड्याआधी गाडी इतकी हळू करायचे की सायकलवाले पुढं जायचे. तिला वसमतच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. या सगळ्याला तिनं कधी थँक्यू म्हटलं नाही. या घरात तसं कुणी म्हणतच नव्हतं. म्हटलं असतं तर पद्माबाईनं विचारलं असतं, परकी झालीस का बाई? आणि मग, सेवा नुकती बोलायला लागली होती तेव्हा, पद्माबाई थोड्याच दिवसांच्या आजारानं गेली. म्हणायचं ते राहून गेलं.

आता सेवा वसमतच्या शाळेत जायची. सकाळी जळबा दोघींना सोडायचे, दुपारी सेवाला टाकीवर पुढं बसवून घरी आणायचे, दीक्षा ड्यूटी संपवून जीपनं यायची. जाताना काही तकलीफ नव्हती. गावाचा रस्ता मोठ्या रस्त्याला लागला की डावीकडं वळायचं, झालं. येताना मात्र फाटा उजव्या हाताला पडायचा. मागून बस, उसाचे ट्रॅक्टर, हळदीचे ट्रक. मागची जागा रिकामी. जळबा स्वतःच उजवा हात बाहेर काढायचे, त्यासाठी एक्सिलेटर सोडावा लागायचा, गाडी आचके द्यायची, आणि दोन पायांच्या मधी सेवा. घरी पोचले की ते दीक्षाला एक मिस कॉल द्यायचे. तो येईपर्यंत दवाखान्यात तिचं अर्धं लक्ष एप्रनच्या खिशात असायचं.

म्हणून तिनं ठरवलं. गाडीला नवे दिवे बसवायचे. एलईडीचे, भर उन्हात दुरून दिसतील असे. जे तोंडानं म्हणता आलं नाही ते निदान गाडीला तरी लावता येईल.

बसस्टँडजवळच्या ओमप्रकाशनं जुने इंडिकेटर काढले तेव्हा एक तर त्याच्या हातातच मोडला. नवे बसवले, बटण दाबलं. दिवे लागले आणि लागूनच राहिले. मिचकायचं नाव नाही. ओमप्रकाशनं डोकं खाजवलं. "चाचा, गाडी पुरानी, बत्ती नई. दोघांची जानपहचान व्हायला टाइम लागते." जुन्या फ्लॅशरला, म्हणजे दिवा मिचकवणाऱ्या डबीला, जुन्या बल्बांच्या भुकेची सवय होती, आणि हे नवे दिवे करंट नावालाच खाणारे. त्यानं फ्लॅशर बदलला. आता उजवं बटण दाबलं तर चारही दिवे एकदम मिचकायला लागले. डावं दाबलं तरी चारही.

"आबा, आपली गाडी दोन्हीकडं वळून राहिली," सेवा म्हणाली.

दुकानातली सगळी हसली. जळबा म्हणाले, "बराबर हाये. म्हाताऱ्या माणसाचं असंच असते. कुठंबी गेलं तरी चालते."

ओमप्रकाशनं कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ नुसतं "हां, हां" केलं, आणि मग मीटर उघडलं. त्यात दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरना मिळून खुणेचा एकच बारका बल्ब होता. इकडचा करंट त्याच्यातून तिकडं पळत होता. त्याच्या वायरीत त्यानं गव्हाच्या दाण्याएवढे दोन डायोड बसवले, करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारे. मग उजवं दाबलं की उजवं, डावं दाबलं की डावं. जळबांनी लेकरासारखं चार वेळा बटण दाबून बघितलं आणि दीक्षाला फक्त एवढंच म्हणाले, "पद्मी असती तर म्हणली असती, आता मला काय काम राहिलं." तोंड मात्र हसरं होतं. दीक्षाला वाटलं, आपलं देणं पावलं.

त्याच संध्याकाळी घरी येताना एक गोष्ट घडली होती. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. समोर रस्ता मोकळा. जळबांनी उजवा दिवा लावला आणि टेम्पो झर्रकन पुढं निघून गेला, जाताना थँक्यूचा बारका हॉर्नही देऊन.

"मामा, आपल्याला कुठं वळायचं होतं?" दीक्षानं विचारलं.

"वळायचं न्हाई. त्याला साइड देली. ट्रकमधी उजवा दिवा म्हंजे, ये, समोर कोणी न्हाई, जा पुढं. डावा म्हंजे मी बाजूला घेऊन राहिलो." आयुष्यभराची सवय. दीक्षा हसली होती आणि म्हणाली होती, "बरं झालं, आता तुमाला हात काढायची गरज न्हाई."

हे बोलणं तिला शुक्रवारी आठवलं.

शुक्रवारी दुपारी मिस कॉल आला नाही. त्याऐवजी अनोळखी नंबरवरून फोन आला. "सिस्टर, मी सुरज, जीपवाला. घाबरू नका. बाबा आणि पोरगी दोघं चांगले हायेत. तुमी फाट्यावर या."

ती पोचली तेव्हा गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला मुरमात उभी होती. सेवा पुलाच्या कठड्यावर बसून सुरजनं दिलेली बिस्किटं खात होती. तिची पिवळी पाण्याची बाटली रस्त्याच्या मधोमध चपटी होऊन पडलेली. जळबा बाटलीकडं बघत उभे होते.

"बाबानं उजवा देला," सुरज सांगत होता. "चांगला दुरून दिसला, लखलखीत. मला वाटलं, साइड देऊन राहिले. मी निघालो पुढं, आणि बाबा वळले. वेळेवर त्यांनी गाडी डावीकडं घातली म्हणून. न्हाई तर..."

जळबा फक्त म्हणाले, "त्याचं बराबर हाये."

मग दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. शनिवारी गाडीला हात लावला नाही. रत्नपालला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "झालं एवढं बस. सोमवारपासून सेवाला शाळेच्या व्हॅनमधी टाक. बाबाला तू सांग. माझ्यानं न्हाई सांगवत." दीक्षा हो म्हणाली होती. पण व्हॅन घरी येत नव्हती, फाट्यावरच सोडायची, तिथून गाव चांगलं लांब. आणि खरं म्हणजे तिच्यानंही सांगवत नव्हतं. ज्या माणसानं आपल्याला गाडीवर बसवून इथवर आणलं, त्याला गाडीवरून उतर म्हणायचं कसं? आणि नाही सांगितलं, आणि उद्या पुन्हा कुणाला तो दिवा साइड दिल्यासारखा वाटला, तर?

ती चुलीपुढून उठली. हात धुतले, बाहेर आली आणि सेवाच्या हातातली वाटी घेऊन जळबांसमोर बसली.

"मामा, सुरजचं बराबर हाये म्हणले तुमी. मग चूक कुणाची?"

"चूक कुणाचीच न्हाई, माय. भाषाच दोन हायेत. मी म्हणून राहिलो, वळतो. त्याला ऐकू गेलं, ये." त्यांनी पेचकसाच्या टोकानं मातीत एक रेघ ओढली. "मी जलमभर त्याच भाषेत बोललो. त्याच्या जागी मी असतो तर मीबी निघालो असतो पुढं."

"मग आत्याबाईच्या वेळी असं काहून झालं न्हाई?"

जळबांनी पेचकस खाली ठेवला.

"तिचा हात," ते म्हणाले. "हाताचा दुसरा अर्थ होत न्हाई. हळू म्हंजे हळूच."

"मग दिवे काहून काढता? दिवे दुरून दिसतात. जवळ आल्यावर हात. दोन्ही राहू द्या."

"हात काढला की एक्सिलेटर सुटते. गाडी आचका देते. लेकरू पुढं असते." ते सेवाकडं बघत होते, दीक्षाकडं नाही. "त्या दिवशी मी टाकीवर एका हातानं तिला धरलं अन् एका हातानं हँडल. मला रात्रभर तेच दिसून राहिलं."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. सेवानं त्या मातीतल्या रेघेवर एक खडा ठेवला आणि म्हणाली, "ही आपली गाडी." मग दुसरा मोठा दगड मागं ठेवला. "ही सुरज मामाची जीप." मग तिनं आपली गाडी उचलून रेघेच्या डाव्या बाजूला ठेवली, जिथं त्या दिवशी ती खरोखर जाऊन थांबली होती, आणि जीप सरळ पुढं ढकलली. "गेली."

जळबा त्या खड्याकडं बघत राहिले.

"गेली," ते म्हणाले. मग तोच खडा त्यांनी बोटानं सावकाश उजवीकडं, गावाच्या दिशेला सरकवला. "आता जा. आता कोण हाये मागं."

त्यांनी दीक्षाकडं बघितलं. शुक्रवारनंतर पहिल्यांदा. "मला वळायची घाई काहून असते गं? आधी डावा लावायचा. डावा सगळ्यांना कळते, बाजूला घेऊन राहिला म्हणून. फाट्याच्या अलीकडं लिंबाखाली उभं राहायचं. मागचे सगळे जाऊ द्यायचे. मग उजवा. आणि गाडी उभीच हाये म्हणल्यावर हात मोकळाच की."

"वाटी द्या इकडं," दीक्षा म्हणाली. "स्क्रू लावून घेऊ."

उन्हं उतरल्यावर तिघं निघाली. जळबा पुढं, मधी सेवा, मागं दीक्षा. फाट्यावर डावीकडं वळून ते वसमतच्या बाजूला थोडे पुढं गेले, तिथून गाडी फिरवली आणि परत फाट्याकडं निघाले. रस्त्याला उसाच्या पाचटाचा आणि शिजवलेल्या हळदीचा वास भरून राहिला होता.

लिंब दिसायला लागला. जळबांनी डावा दिवा लावला. दीक्षानं मान वळवून बघितलं. मागचा ट्रॅक्टर पुढं जायच्या तयारीत आधीच थोडा उजवीकडं सरकला होता. गाडी झाडाखाली थांबली. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन खडखडत गेला. बस गेली. दोन मोटरसायकली गेल्या. जळबांनी कशाचीच घाई केली नाही. पाय जमिनीला टेकवून ते पानाच्या टपरीवर उभं असल्यासारखे उभे होते.

"बघ, सेवा," ते म्हणाले, "तुही आज्जी मागं बसून हात दाखवायची. तिनं हात दाखवला की अख्खा रस्ता थांबायचा. तुह्या आईलाबी तिनंच शिकवलं."

मग उजवा दिवा मिचकायला लागला. दीक्षाला तो बसल्या जागेवरून दिसत नव्हता; झाडाच्या बुंध्यावर नारिंगी उजेड येतजात होता तेवढा दिसत होता. दुरून एक ट्रक येत होता. तिनं हात बाहेर काढला. कोपर ताठ, पंजा जमिनीकडं. वरखाली. हात काढल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला काहीच आठवावं लागलं नव्हतं. हात आपोआप त्याच उंचीवर गेला होता जिथं पद्माबाईनं अंगणात तो धरून ठेवला होता, हसत, टाटा नको करू म्हणत.

ट्रक हळू झाला. अजून हळू झाला. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, जावा म्हणून.

"हळदीची गाडी हाये," जळबा मागं न बघता म्हणाले. "वासावरून कळते."

रात्री रत्नपालला काय सांगायचं ते दीक्षाला आता माहीत होतं. व्हॅन नको. तू आलास की स्वतः फाट्यावर येऊन बघ. आणि सासऱ्यांना काय सांगायचं तेही माहीत होतं, फक्त ते शब्दांत बसत नव्हतं, म्हणून तिनं डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि नेहमी पद्माबाई म्हणायची तसं म्हणाली, "चला."

गाडी सावकाश रस्ता ओलांडून गावाच्या वाटेला लागली. दिवा बंद झाला. मागचा ट्रक आपल्या वाटेनं निघून गेला. सेवा दोघांच्या मधून मान वळवून त्याच्याकडं दिसेनासा होईपर्यंत बघत होती. मग तिनं आईच्या बाहेर राहिलेल्या हाताकडं बघितलं. तो अजून तसाच होता, वाऱ्यात, आत घ्यायचा राहून गेलेला.

"आई," सेवा म्हणाली, "आज्जी गेली तवा तिनं कुण्या बाजूचा हात दाखवला व्हता?"